संत्र्याच्या बागेचे खुंट काढताना

2019 च्या उन्हाळ्यात विदर्भातल्या वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात संत्र्याच्या बागा उभ्या वाळल्या. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता, आणि वरुड तालुका तर भूजलाच्या उपशासाठी आधीच बदनाम, डार्क झोनमधला. बोअर खोल नेत नेत लोक कर्जात गेले, पाणी काही लागलं नाही. आमची तीन एकरांची बाग त्यात गेली. खरं सांगायचं तर निम्मी झाडं त्याआधीच डिंक्याने, म्हणजे मुळं सडून खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाने, पोखरली होती. दुष्काळाने फक्त निकाल लावला. टँकरने पाणी विकत घेऊन बाग जगवायचा हिशेब आम्ही घरात बसून मांडून पाहिला आणि सोडून दिला. झाडं तोडायची, लाकूड विकायचं आणि वावर मोकळं करून दोन-चार वर्षं सोयाबीन-तूर घ्यायची, असं ठरलं.

झाडं तोडायला माणूस लगेच मिळतो. लाकडाचा व्यापारी स्वतःची माणसं, स्वतःची चेन सॉ, स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन येतो, वजनावर पैसे देतो आणि पाचोळा तुमच्या वावरात टाकून निघून जातो. पण त्याचा व्यवहार वजनावर असल्यामुळे तो झाड जितकं बुडाशी कापता येईल तितकं कापतो. जाडजूड लाकूड खालीच असतं ना. आमच्या वावरात त्याच्या माणसांनी पहिला एकर अगदी मातीला टेकवून कापला. बाबा दुपारी डबा घेऊन गेले, त्यांनी ते पाहिलं आणि काम थांबवलं. “तीन फूट खोड उभं ठेवायचं. नाहीतर राहू दे, दुसरा बघतो.” व्यापारी कुरकुरला, भावात थोडं तोडलं, पण उरलेल्या दोन एकरांत कमरेएवढे खुंट उभे राहिले.

यामागचं कारण मशीन आल्यावरच नीट डोळ्यांपुढे येतं. खोड उभं असलं की जेसीबीला धरायला, ढकलायला जागा मिळते. वरून रेटा दिला की खालचा सगळा मुळांचा गड्डा हलतो. जितकं खोड लांब तितकं बळ कमी लागतं. भुईसपाट कापलेल्या बुडाला मात्र चारी बाजूंनी उकरण्यावाचून इलाज नसतो. त्यामुळे आमच्याच वावरात दोन्ही प्रकारांची तुलना झाली. तासाच्या मीटरवर बघितलं तर उभे खुंट तासाला दहा-बारा निघत होते आणि भुईसपाट असलेले पाच-सहा. खड्डेही दुप्पट मोठे पडले. लाकडाच्या भावात व्यापाऱ्याने जे तोडलं होतं त्याच्या कितीतरी पट पैसे त्या एका एकराने मशीनच्या भाड्यात खाल्ले.

पण मशीन लगेच आणलं नाही. तोडणी जूनच्या तोंडावर झाली आणि मग पाऊस लागला. पावसाळ्यात खुंटांना फुटवे आले. संत्र्याचं कलम जंबेरी या रानटी लिंबाच्या मुळांवर बांधलेलं असतं; वरचा संत्रा गेला तरी खालची जंबेरी जिवंत होती, आणि जंबेरी ही महा चिवट जात. दिवाळीपर्यंत वावरभर काटेरी झुडपांचं कुंपण उभं राहिलं, त्यात शिरायला जागा नाही. तेव्हा गावात जो भेटेल तो सल्ला देत होता. बुंध्याला भोकं पाडून मीठ भरा. रॉकेल ओता. तणनाशक लावा. ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढा. शेवटचा सल्ला मी गंभीरपणे घेतला नाही, कारण साखळीने खुंट ओढताना ट्रॅक्टर पुढून उचलून उलटल्याच्या गोष्टी आमच्याकडे कोणालाही विचारा, ऐकायला मिळतात. बाकीच्या उपायांनी फुटवा मरेल कदाचित, पण बुड जमिनीतच राहतं, आणि नांगराचा फाळ मोडायला बुड मेलेलं असलं तरी पुरतं.

त्या वर्षी परतीचा पाऊस ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागला तरी चालूच होता. सोयाबीन-कापसाचं नुकसान झालं ते झालंच, पण या कामासाठी तो ओलावा कामी आला. काळ्या मातीत खुंट काढायचे तर वाफसा बघावा लागतो. मे महिन्यात माती दगड झालेली असते. बकेटचे दात घासत जातात आणि मुळं मातीत धरून ठेवल्यासारखी मधेच तुटतात. ओल जास्त असेल तर मशीन रुतते, आणि जिथून जाते तिथली माती अशी दाबते की पुढची दोन वर्षं त्या चाकोरीत पीक खुजं राहतं. आम्ही संक्रांत होऊ दिली. वरची वीतभर माती कोरडी, खाली ओल, असा मोका सापडला. अशा वेळी मूळ लांबपर्यंत सलग निघून येतं.

जेसीबी की पोकलेन, हा प्रश्न पुढचा. जेसीबी म्हणजे पुढे लोडर, मागे खोदायची बकेट, चाकांवर स्वतः चालत येणारी. आमच्याकडे तेव्हा साडेआठशे रुपये तास. पोकलेन साखळीपट्ट्यावर चालतो, ताकद दुप्पट-तिप्पट, दर त्या प्रमाणात, शिवाय ट्रेलरवर आणायचा-न्यायचा खर्च वेगळा. पंचवीस वर्षांच्या संत्र्याला जेसीबी पुरते असं माझं मत झालं. पन्नास-साठ एकराची बाग असेल तर हिशेब वेगळा.

मशीनपेक्षा ऑपरेटर महत्त्वाचा. आमच्या वाट्याला पांढुर्ण्याकडचा एक पोरगा आला, पंचविशीचा असेल. पहिल्या दिवशी आल्याबरोबर त्याने मशीन चालू केली नाही. पायी फिरून वावर पाहिलं, विहीर कुठे आहे, पाइपलाइन कुठून गेली आहे, विजेची केबल कुठे, सगळं विचारलं. भुईसपाट कापलेला एकर पाहून म्हणाला, “भाऊ, धरायले जागाच नाई ठेवली तुमच्या लाकूडवाल्यानं. आता हे उकरतच बसा लागते.” ठिबकच्या लॅटरल, म्हणजे वरच्या बारीक नळ्या, आम्ही आधीच गुंडाळून ठेवल्या होत्या, पण त्यांना पाणी पुरवणारी सबमेन पाइप जमिनीत दोन फुटांवर गाडलेली. तिच्यावरून चुन्याची रेघ मारून दिली. तरी एका ठिकाणी पाइप फुटलाच. रेघ बरोबर होती, पण एका झाडाचं मूळ पाइपाखालून गेलं होतं आणि ते उपटताना पाइपही वर आला. त्याला इलाज नाही. कपलर, सॉल्व्हंट आणि फूटभर तुकडा आधीच आणून ठेवलेला बरा.

विहिरीपासून त्याने मशीन बरीच लांब ठेवली. आमची विहीर अर्धीच बांधलेली आहे, खाली नुसता मुरूम. काठावरचे दोन खुंट त्याने काढायला साफ नकार दिला आणि मला ते पटलं. ते आम्ही नंतर कुऱ्हाडीने, सब्बलीने, माणसं लावून काढले.

खुंट काढायची त्याची रीत अशी. मशीन झाडाकडे पाठ करून लावायची, पाय टेकवायचे आणि बुंध्यापासून हातभर लांब बकेट सरळ खाली रोवायची. एका बाजूची मुळं तुटल्याचा आवाज येतो, कटकन. मग डावीकडे, मग उजवीकडे. चौथी बाजू तो मुद्दाम सोडायचा. मग बकेट उभ्या खोडाच्या वरच्या टोकाला टेकवून त्या न तोडलेल्या बाजूकडे हळूच दाबायचा. खुंट कलायचा, या बाजूची माती फुगून वर यायची, तिला भेगा पडायच्या, आणि मग तो बकेट खालून घालून पूर्ण गड्डा उचलायचा. चारही बाजू तोडल्या तर गड्डा खड्ड्यातच गोल फिरत राहतो, हातात येत नाही. एक बाजू बिजागरीसारखी ठेवली की पलटतो. उचलल्यावर लगेच बाजूला टाकायचा नाही. खड्ड्यावरच दोन-तीनदा हलवायचा, आपटायचा, म्हणजे वरची माती खड्ड्यात परत जाते. हे न करणारे ऑपरेटर मी नंतर शेजारच्या वावरात पाहिले. त्यांच्या खुंटांच्या ढिगात निम्मी माती असते, आणि ती माती म्हणजे वावरातली सगळ्यांत कसदार माती.

एक गोष्ट त्याने सांगितल्याशिवाय कळली नसती. मशीन नेहमी न उकरलेल्या जमिनीवर उभी ठेवायची आणि मागे मागे सरकत जायचं. उकरलेल्या भुसभुशीत मातीवरून पुन्हा चाक गेलं की ती माती पार ठोकली जाते.

डिंक्याची झाडं निघाली तेव्हा मी जवळ जाऊन बघत होतो. काही खोडांवर बोर्डो पेस्टचा, म्हणजे मोरचूद-चुन्याचा, निळसर लेप अजून चिकटलेला होता, दर पावसाळ्याआधी आम्हीच लावलेला. वरून खोड ठीक दिसायचं. खाली मुळं काळपट, ओलसर, आंबूस वास मारणारी. अंगठ्याएवढं मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत नुसती पांढुरकी दोरी उरते. बारीक तंतूमुळं तर नव्हतीच. फायटोफ्थोरा ही बुरशी अशीच आधी खाली मुळं खाते आणि मग वर डिंक गळताना दिसतो. आपण वर औषध लावत राहतो. पाच-सहा वर्षं आम्ही खतं वाढवत गेलो, झाड पिवळं पडतं म्हणून. त्या झाडाला खायला तोंडच नव्हतं. ही मुळं आम्ही वेगळी जमा करून जाळली. बुरशी मातीतही वर्षानुवर्षं राहते, त्यामुळे जाळून सगळी जाते असं नाही, पण सडकी मुळं परत वावरात पुरणं तरी टळतं.

धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कोपऱ्यावर एक गावरान आंबा होता, आजोबांच्याही आधीचा, तो दुष्काळात वाळला होता. संत्रा तोडायला परवानगी लागत नाही, पण 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आंबा आहे, साग, मोह, चिंच यांच्यासोबत. म्हणून त्याची परवानगी वेगळी काढली, पंचनामा झाला, मग तोडला. शिवाय झाड धुऱ्यावर, म्हणजे निम्मी मुळं शेजाऱ्याच्या वावरात. शेजारचे काकाजी वयाने बाबांपेक्षा मोठे. त्यांच्याकडे बाबा स्वतः गेले. “काकाजी, मशीन लावतो हाय, तुमच्या बाजूनं बी खणा लागन.” काकाजींची एकच अट होती, धुऱ्यावरचा हद्दीचा दगड हलता कामा नये. विदर्भात धुऱ्यावरून भावाभावांची डोकी फुटली आहेत, तेव्हा अट रास्तच होती. दगडाच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून, दोरी लावून, मोबाइलवर फोटो काढून ठेवले आणि मगच मशीन बोलावली.

आंब्यापुढे जेसीबी थकली. बकेट खाली रोवून ओढायला गेली की मशीनच मागून उचलायची, बुड जागचं हलेना. पोरगा खाली उतरला, घाम पुसला आणि म्हणाला, “हे आपल्यानं नाई होत भाऊ. बळजबरी केली त सिलिंडरचा पिन जाईन, त्याचा खर्च मालक माह्या पगारातून कापन.” त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला. मीटर पळवत बसला असता तर मला काय कळणार होतं. गावाजवळच रस्त्याच्या कामावर एक पोकलेन होता, संध्याकाळनंतर तासाच्या बोलीवर यायला तयार झाला.

पोकलेनचं काम बघण्यासारखं होतं. आधी बुडापासून सात-आठ फूट लांब गोल चर मारला, पुरुषभर खोल. त्या चरात मांडीएवढी मुळं आडवी आली, ती एकेक बकेटच्या दातांत धरून तोडली. तुटताना आवाज येत होता तो नुसता कटकन नव्हता; आधी ताण, मग चिरकणं, मग धाडकन. चर पूर्ण झाल्यावर बुड मातीच्या खांबावर उभं असल्यासारखं दिसू लागलं. मग ऑपरेटरने एका बाजूने खाली बकेट घातली, उचललं, सोडलं. पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. दरवेळी फट थोडी रुंदावत होती. सोटमूळ तुटलं तेव्हा पोकलेनचा पुढचा भाग जरा उडाला आणि दणकन खाली बसला. बुड वर आलं ते बैलगाडीएवढं. त्याच्या खालच्या कपारीतून एक घोणस निघाली आणि बघायला जमलेली सगळी मंडळी एका क्षणात पांगली. थंडीच्या दिवसांत जुन्या बुडाच्या पोकळीत साप असणारच, म्हणून खड्ड्यात उतरून हाताने मुळं ओढायची नाहीत. ऑपरेटर केबिनमध्ये सुरक्षित असतो. चावा बसतो तो काठावर वाकून बघणाऱ्याला किंवा मुळं वेचायला उतरलेल्या बाईमाणसाला. घोणस आपल्या वाटेने नाल्याकडे गेली.

तो सगळा पसारा आवरताना मला खरी चिंता दुसऱ्याच गोष्टीची होती. आमच्या वावरात वरची काळी माती कुठे तीन फूट, कुठे जेमतेम दीड. खाली चुनखडी. उभ्या खुंटांचे खड्डे उथळ होते, तिथे चुनखडी फारशी हलली नाही. पण भुईसपाट कापलेल्या एकरात बकेट खोल गेली आणि पांढऱ्या गोट्या वर आल्या. पोराला मी सांगितलं की काळी माती एका बाजूला, पांढरी एका बाजूला टाक. भरताना आधी पांढरी खाली, मग काळी वर. पहिल्या दिवशी त्याला ते जिवावर आलं, कारण वेळ लागतो. मीटर माझंच पळतंय म्हटल्यावर करू लागला. तरी माती शंभर टक्के वेगळी राहत नाही.

खड्डे भरताना आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच भरायचे. पहिल्या पावसात माती बसते, आणि बरोबरीने भरलेला खड्डा खोलगट होऊन त्यात पाणी साचतं. हे बाबांना माहीत होतं. जुन्या विहिरी बुजवताना पाहिलेलं.

उपटलेले खुंट महिनाभर उन्हात पडू दिले. माती सुकून गळून पडली, मग ट्रॅक्टरने ओढून धुऱ्याला लावले. विकायला गेलो तर आरागिरणीवाल्याने हात जोडले. मुळांच्या बेचक्यांत खडे अडकलेले असतात, आऱ्याचं पातं एका दगडाने जातं. शेवटी वीटभट्टीवाल्याने नेले, तेही वाहतूक आमची या बोलीवर. आंब्याचं बुड कोणीच नेलं नाही. फोडायची मजुरी लाकडापेक्षा जास्त होते. ते आम्ही नाल्याच्या काठाला आडवं टाकलं, तिथे माती वाहून जायची ती थांबली.

मार्चमध्ये पलटी नांगराने खोल नांगरट केली, तेव्हा उरलेली मुळं वर आली. ट्रॅक्टरवाला सुरुवातीला तयारच नव्हता. त्याला वावर फिरून दाखवावं लागलं. मुळं वेचायला बायका लावल्या. रोजी अधिक सरपण त्यांचं, असा सौदा. बोटाएवढं मूळ राहिलं तर दोन पावसाळ्यांत कुजतं, त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही. मनगटाएवढं राहिलं तर ते रोटाव्हेटरचं पातं मोडतंच. आमची नांगरट आटोपते न आटोपते तोच लॉकडाऊन लागला, त्यामुळे दुसरी वेचणी घरच्या घरी करावी लागली. नंतर जिथे मुळाचा तुकडा राहून गेला होता तिथे जंबेरीचा कोंब येत राहिला. तो दिसला की मशागतीच्या पाळीच्या वेळी कुदळीने खणून काढायचा.

जूनमध्ये सोयाबीन पेरलं. महिनाभरात वावराकडे धुऱ्यावरून पाहिलं की बागेचा नकाशा दिसायचा. दोन एकर हिरवेगार, आणि त्या भुईसपाट कापलेल्या एकरात अठरा-अठरा फुटांवर पिवळे गोल. चुनखडी वर आली की सोयाबीनला लोह उचलता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हिराकसाची फवारणी केली, थोडा फरक पडला. खरा फरक शेणखताने आणि हिरवळीचं खत म्हणून गाडलेल्या धैंचाने पडला, तोही दोन हंगामांनी. उतारा त्या एकराचा पहिल्या वर्षी निम्माच होता.

आता शेजारच्या वावरातली बाग निघते आहे. व्यापाऱ्याशी सौदा करताना भावाच्या आधी खोडाची उंची ठरव, आणि पहिली ओळ कापून होईपर्यंत वावरात उभा राहा, एवढंच तिथल्या मालकाला सांगितलं. आमच्या जागेवर पुन्हा संत्रा लावायचा विचार चालू आहे. या वेळी जंबेरीऐवजी रंगपूर लाईमवरचं, डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच भरलेलं कलम, गादीवाफ्यावर; आणि नवी ओळ जुन्या दोन ओळींच्या बरोबर मधून.